कणीक आणि डॉल्बी : मंद्र आवाजाचा एक स्थानिक इतिहास

१.

परभाषेतून आलेला एखादा शब्द मराठीत रुळताना कधी कधी अर्थाची पूर्ण कोलांटी उडी मारतो. ‘डॉल्बी’ हा शब्द त्याचे उत्तम उदाहरण आहे. गणेशोत्सव जवळ आला की वर्तमानपत्रांतून ‘डॉल्बीमुक्त मिरवणूक’ असा मथळा हमखास दिसतो. पोलीस ठाण्यात मंडळांच्या बैठकी होतात, तिथेही ‘यंदा डॉल्बी नको’ हेच वाक्य फिरत असते. डॉल्बी म्हणजे छातीत धडधड उठवणारा, खिडक्यांच्या काचा थरथरवणारा आवाज, हा अर्थ आता कोशकारांनी नोंदवायला हरकत नाही.

ज्याच्या आडनावावरून हा शब्द आला त्या रे डॉल्बी यांचे आयुष्य मात्र नको असलेला आवाज कमी करण्यात गेले. १९३३ साली अमेरिकेत जन्मलेल्या या अभियंत्याने १९६५ मध्ये लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली, ती ध्वनिमुद्रणाच्या फितीवर ऐकू येणारी बारीक ‘सूं’ अशी खरखर घालवण्यासाठी. मुद्रण करताना हळू स्वर वर उचलायचे आणि ऐकवताना तेवढेच खाली आणायचे. मधल्या मध्ये फितीची खरखरही खाली जाते, अशी ती युक्ती. १९८०च्या दशकात ज्यांच्या घरी बऱ्यापैकी कॅसेट प्लेअर होता त्यांना त्यावरचे ‘डॉल्बी’ असे लिहिलेले बटण आठवत असेल. ते दाबले की आवाज किंचित निवळत असे. पुढे हेच नाव चित्रपटगृहांच्या पाट्यांवर झळकले आणि ‘डॉल्बी’ म्हणजे भव्य, दणदणीत ध्वनी असे समीकरण झाले. तिथून ते रस्त्यावर उतरले. रे डॉल्बी यांचे निधन १२ सप्टेंबर २०१३ रोजी झाले. त्या वर्षीची गणेश चतुर्थी ९ सप्टेंबरला होती. म्हणजे शांततेच्या त्या अभियंत्याने डोळे मिटले तेव्हा महाराष्ट्रात गणेशोत्सवाचा चौथा दिवस होता. आपल्या नावाचा इकडे काय अर्थ झाला आहे, याची त्यांना कल्पना असण्याचे कारण नव्हते.

ज्या वस्तूला मराठीत डॉल्बी म्हणतात तिचा आणि डॉल्बी यांच्या शोधाचा तसा संबंधच नाही. ती वस्तू म्हणजे सबवूफर, अर्थात केवळ खर्जाचा, साधारण वीस ते शंभर हर्ट्झ या पट्ट्यातला आवाज काढणारी पेटी. तिच्या पोटातच अँप्लिफायर बसवलेला असेल तर साउंडवाले तिला ‘ॲक्टिव्ह’ किंवा ‘पॉवर्ड’ म्हणतात. मराठी साहित्याच्या अध्यापकांनी या पेटीवर लिहावे असे तिच्यात काय आहे, हा प्रश्न वाचकांना पडेल. आमच्या दृष्टीने त्याचे उत्तर एका वाक्यात आहे, आणि ते वाक्य आमचे नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात एका शाहिरांचा कार्यक्रम होता. आम्ही दोघे आयोजक. मैदानावर पेट्यांची चळत उभी राहिली, कार्यक्रम सुरू झाला, पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी छातीवर हात ठेवले, आणि शेवटच्या रांगेतून चिठ्ठी आली : ‘शब्द ऐकू येत नाहीत, आवाज वाढवा.’ आवाज वाढवला. पुन्हा चिठ्ठी आली. तिसऱ्यांदा आम्ही मिक्सरजवळ गेलो तेव्हा तिथे बसलेला तिशीतला तरुण शांतपणे म्हणाला, “सर, आवाज कमी नाहीये. शब्द बुडालाय.”

शब्द कशात बुडतो आणि तो वर कसा काढायचा, याचा शोध घेता घेता आम्ही जे वाचले, ऐकले आणि त्या तरुणाच्या गोदामात बसून पाहिले, त्याची ही मांडणी आहे.

२.

खर्जाचे आकर्षण विजेबरोबर आलेले नाही. आमच्या शहरापासून तासाभराच्या अंतरावर वेरूळला दहाव्या क्रमांकाचे लेणे आहे. सातव्या शतकातले हे चैत्यगृह ‘विश्वकर्मा’ या नावाने ओळखले जाते. लाकडी वाशांची नक्कल केलेले त्याचे कमानदार दगडी छत आणि दर्शनी सज्जा सर्वांनी पाहिलेला असतो. तिथे उभे राहून खालचा स्वर लांबवला तर तो दगडातून परत येतो आणि रेंगाळतो. त्याच जागी कोणी भरभर बोलू लागले, तर एका अक्षरावर दुसरे चढते आणि काहीच समजत नाही. संथ पठणाला ती जागा उदार आहे, वादविवादाला नाही. मंद्र स्वर आणि अर्थवाही शब्द यांचे एकमेकांशी पटतेच असे नाही, ही गोष्ट त्या दगडानेच सांगून ठेवली आहे.

आपल्या परंपरेने त्यावर काढलेला तोडगा वाद्यांच्या रचनेत दिसतो. कीर्तनातला पखवाज घ्या. त्याच्या डाव्या तोंडावर वादक भिजवलेल्या कणकेचा गोळा थापतो. कणकेच्या वजनाने कातडे जड होते, सावकाश हलते आणि खर्ज उमटतो. किती कणीक, किती पाणी, मधोमध की किंचित बाजूला, हे त्या दिवशीच्या हवेवर आणि गायकाच्या पट्टीवर ठरते. कीर्तन संपले की कणीक खरवडून काढायची, कारण वाळलेली कणीक कातडे ओढते आणि तिला कीड लागते. हलगीची तऱ्हा वेगळी. तिला वाजवण्याआधी पेटत्या पाचटावर शेकायचे. कातडे तापून ताणले की मगच ती बोलते. पावसाळी दमट हवेत ती पुन्हा सैल होते, म्हणून जाळ जवळ ठेवायचा. ढोलाच्या दोऱ्या ओढून घ्यायच्या, नगाऱ्याला उन्हात ठेवायचे. जोडणी आणि निगा यांचे हे शास्त्र कोणत्याही पुस्तकात नव्हते. ते हातांत होते.

आणि त्या हातांना शब्दाचे भान होते. कीर्तनकार निरूपण करू लागला की पखवाज थांबतो किंवा बोटांवर येतो. पोवाड्यात शाहीर कथा सांगत असताना डफाची थाप मागे राहते. झीलकरी तान उचलतात तेव्हाच ती पुढे येते. पैठणच्या एकनाथांची भारुडे शतकानुशतके उघड्या मैदानावर होत आली, ती केवळ कंठाच्या बळावर नव्हे. वाद्याने कुठे बोलायचे आणि कुठे गप्प बसायचे याचा एक अलिखित करार त्यामागे होता. खर्ज ही शब्दाखालची जमीन होती. त्या जमिनीवर उभे राहून शब्द दूर जात असे.

मात्र या चित्राला सोनेरी चौकट लावण्यापूर्वी थांबायला हवे. हलगी शेकणारे आणि वाजवणारे हात कोणाचे होते? गावगाड्यात ते काम जातीने नेमून दिलेले होते. देवाच्या पालखीपुढे, पाटलाच्या वरातीपुढे वाजवायचे आणि देवळाच्या पायरीशी थांबायचे. वाजवणाऱ्याच्या हाती थाप होती. शब्द दुसऱ्याचा होता. कराराची भाषा वापरताना त्या करारावर एका बाजूची सही कधीच घेतली गेली नव्हती, हे विसरता येत नाही.

३.

विसाव्या शतकाने शब्दाला नवे साधन दिले. १९१५ च्या नाताळात सॅन फ्रान्सिस्कोत जेन्सन आणि प्रिडहॅम या दोघांनी आपल्या ध्वनिवर्धकाचे जाहीर प्रात्यक्षिक केले. १९२५ मध्ये राइस आणि केलॉग यांनी कागदी कोन आणि फिरत्या कॉइलचा जो लाऊडस्पीकर सिद्ध केला, त्याच तत्त्वावर आजही बहुतेक सर्व स्पीकर चालतात. भारतात १९३०च्या दशकापासून काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवण्याचे काम नानिक मोटवाने यांनी केले. त्या काळातील नेत्यांच्या छायाचित्रांत मायक्रोफोनवर ‘शिकागो रेडिओ’ अशी पट्टी दिसते, ती त्यांच्याच व्यवसायाची.

खेड्यापाड्यांत पोहोचला तो मात्र कर्णा, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘भोंगा’. या कर्ण्याचा एक गुण असा की त्याला खर्ज येतच नाही. त्याच्या नळीची लांबी आणि तोंडाचा घेर एवढा लहान असतो की साधारण अडीचशे-तीनशे हर्ट्झच्या खालचा आवाज त्यातून फारसा बाहेर पडत नाही. संगीताच्या रसिकांना तो कर्कश वाटतो तो त्यामुळेच. परंतु माणसाच्या बोलण्यातला अर्थ ज्या पट्ट्यात असतो, म्हणजे पाचशे ते चार हजार हर्ट्झ, तो कर्ण्याला नेमका साधतो. त, थ, स, श, क या व्यंजनांची धार वरच्या पट्टीत असते आणि ‘काल’ आणि ‘ताल’ यांतला फरक तीच दाखवते. थोडक्यात, कर्णा हे गाण्याचे यंत्र नव्हते. ते शब्दाचे यंत्र होते.

मराठवाड्याच्या सांस्कृतिक इतिहासात या गोष्टीला महत्त्व आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. त्यानंतर दोनच वर्षांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. नागसेनवनाच्या या परिसरातून दलित साहित्याची एक मोठी पिढी घडली, हे आपण वर्गात शिकवतो. त्या साहित्याच्या आधी आणि बरोबरीने आंबेडकरी जलसा होता, हे मात्र आपण पुष्कळदा एका परिच्छेदात उरकतो. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी १९३०च्या दशकात जो मार्ग घातला, त्यावरून पुढे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) गावोगाव फिरले. या गाण्यांत चाल ओळखीची असे आणि शब्द नवा असे. ऐकणाऱ्याने दुसऱ्या कडव्यातला युक्तिवाद ऐकला नाही तर गाणे ऐकलेच नाही, अशी त्यांची घडण होती.

हलगीच्या इतिहासाशी याचा थेट संबंध आहे. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या फक्त थाप आली होती, त्यांनी आता शब्द हाती घेतला. गावकीची वाजंत्री सोडा, हा चळवळीचा आग्रह आणि माइकसमोर उभे राहून गाणे, या दोन्ही गोष्टी एकाच हालचालीच्या दोन बाजू होत्या. चिरक्या भोंग्यातून येणारे ते गाणे ध्वनीच्या दृष्टीने दरिद्री असेल. पण त्यातला एकही शब्द बुडत नव्हता. पुढे कॅसेट आली. प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकांचा आवाज त्यातून घरोघर पोहोचला. कॅसेटमध्येही खर्ज बेताचाच होता.

४.

खर्ज वाढला तो पेट्यांनी. मंद्र आवाज निर्माण करणे हे मुळात हवा ढकलण्याचे काम आहे. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनाला चौपट अंतर पुढेमागे हलावे लागते. म्हणून मोठा कोन, जाड लाकडाची पेटी आणि भरपूर वीज लागते. सुरुवातीला अँप्लिफायर वेगळे असत. लोखंडी रॅकमध्ये रचलेली ती धुडे दोघांना उचलावी लागत. नव्या पद्धतीचे हलके आणि कमी तापणारे अँप्लिफायर आल्यावर ते पेटीच्या पाठीतच बसवणे शक्य झाले. आता पेटीला फक्त दोन गोष्टी लागतात, विजेची वायर आणि आवाजाची वायर. साउंडवाल्याचा टेम्पो हलका झाला, आणि चुकीला जागाही वाढली. कारण दिसायला सोपी झालेली वस्तू कोणीही जोडू लागला.

त्या तरुणाच्या गोदामात आम्ही ज्या दोन दुपारी घालवल्या, त्यांत आम्हांला कळलेली पहिली गोष्ट म्हणजे खर्जाची लाट लांब असते. पन्नास हर्ट्झच्या स्वराची एक लाट सुमारे सात मीटर, म्हणजे एखाद्या वर्गखोलीएवढी. व्यंजनाची धार जिथे असते त्या तीन हजार हर्ट्झची लाट अकरा-बारा सेंटीमीटर. वरचा आवाज खांबाने अडतो, माणसांच्या गर्दीत शोषला जातो, स्पीकरचे तोंड जिकडे त्या दिशेने जातो. खर्ज कशालाच जुमानत नाही. तो पेटीच्या पुढे जातो तितकाच मागे जातो, भिंत ओलांडतो, खिडकी बंद केली तरी आत येतो. शेजारच्या गल्लीत गाण्याचे शब्द पोहोचत नाहीत आणि धडधड मात्र पोहोचते, ती यामुळे.

दुसरी गोष्ट पेट्या ठेवण्याची. आपल्याकडे रंगमंचाच्या डावीकडे चार आणि उजवीकडे चार असा सममितीचा हट्ट असतो. फोटोत ते बरे दिसते. पण दोन बाजूंच्या लांब लाटा मैदानावर एकमेकींना भेटतात तेव्हा काही पट्ट्यांत त्या एकमेकींना वाढवतात आणि काही पट्ट्यांत खोडून काढतात. मधोमध बसलेल्याच्या छातीत ठोके पडतात. दहा पावले बाजूला बसलेल्याला खर्ज जवळजवळ ऐकूच येत नाही. तो म्हणतो, आवाज वाढवा. त्यावर उपाय म्हणजे सर्व पेट्या मध्ये, एकमेकींना चिकटून ठेवणे. शेजारी ठेवलेल्या दोन सारख्या पेट्या एकीपेक्षा सहा डेसिबल अधिक देतात. तिन्ही पेट्या एकावर एक रचून मधल्या पेटीचे तोंड मागे फिरवले आणि तिला उलट्या जोडणीने, मोजून किंचित उशिरा आवाज दिला, तर रंगमंचामागे जाणारा खर्ज बराचसा खोडला जातो. मागे रुग्णालय असेल, वसतिगृह असेल, तर ही रचना करता येते. “येते सगळ्यांना,” तो म्हणाला, “पण गिऱ्हाईक विचारतं, पैसे तिघांचे आणि एकाचं तोंड उलटं का?”

निगेविषयी तो बोलू लागला तेव्हा आम्हांला पखवाजाची कणीक आठवली. मराठवाड्यातली उन्हाळी धूळ अँप्लिफायरच्या पंख्याच्या जाळीत बसते. ती ब्रशने आणि हवेच्या झोताने काढली नाही तर मे महिन्यात भर मिरवणुकीत पेटी तापून बंद पडते. पावसाळ्यात कागदी कोनाला दमटपणा येतो, म्हणून पेट्या जमिनीपासून वर, फळीवर ठेवायच्या. गोदामातले उंदीर वायरी कुरतडतात. पेटीचा एखादा स्क्रू सैल झाला तरी खर्जात ती खुळखुळते. मग हातांनी एकेक बाजू दाबत तो शोधायचा. कॉइल जळते ती नेहमीच जास्त ताकदीने नव्हे. मिक्सरवरचा लाल दिवा सतत पेटता ठेवून आवाजाचे माथे कापले गेले की कॉइलला विसावा मिळत नाही, आणि मग तो ओळखीचा जळका वास येतो. जळालेली कॉइल पुन्हा भरता येते. त्या कामात त्याचे वडील वाकबगार होते.

सर्वांत गंभीरपणे तो बोलला ते अर्थिंगविषयी. आपली वीज पन्नास हर्ट्झची, म्हणजे नेमकी सबवूफरच्या पट्ट्यातली. अर्थिंग नीट नसेल तर विजेचा गुरगुराट ही पेटी इमानाने ऐकवते. तो घालवायचा सोपा आणि चुकीचा उपाय म्हणजे प्लगची अर्थची पिन तोडून टाकणे. गुरगुर थांबते. मात्र पुढे कधी पेटीच्या किंवा मिक्सरच्या लोखंडात वीज उतरली, तर तिला जमिनीकडे जायला वाट उरत नाही. ओल्या मैदानावर अनवाणी उभा राहून माइक धरणारा गायक हीच मग वाट होते. दूषित आवाजापेक्षा दूषित शांतता अधिक धोकादायक, असे हे प्रकरण आहे.

आणि शब्द बुडतो म्हणजे काय? १९२४ मध्ये वेगेल आणि लेन या संशोधकांनी दाखवून दिले की खालचा मोठा स्वर आपल्या वरच्या स्वरांना झाकतो. उलट दिशेने असे सहसा घडत नाही. खर्ज जितका मोठा तितके हे आच्छादन वरपर्यंत पसरते. आमच्या स्नेहसंमेलनात चिठ्ठीमागून चिठ्ठी येत होती आणि आम्ही सगळेच एकत्र वाढवत होतो. प्रत्येक वेळी शब्दापेक्षा त्यावरचे झाकण अधिक जड होत होते.

५.

आवाजाचा प्रश्न न्यायालयात गेला त्याचा इतिहास आता पाव शतकाचा आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यावसायिक भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०, अशा मर्यादा त्यांत आहेत. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिवर्धकाचा आवाज त्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याहून जास्त नसावा. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा या काळातील बंदी अधोरेखित केली. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सविस्तर निर्देश दिले आणि २०१८ च्या गणेशोत्सवात डीजे-डॉल्बीवरील बंदी उठवण्यास नकार दिला. आमच्या शहरापुरते बोलायचे तर १ मे २०२२ रोजी येथील सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावर झालेल्या राज ठाकरे यांच्या सभेचा मुख्य विषयच मशिदींवरील भोंगे हा होता. त्या भाषणाचा आवाज अर्थातच ध्वनिक्षेपकांनीच मैदानभर नेला. भोंगा हा जुना शब्द त्या महिन्यात पुन्हा सर्वांच्या तोंडी आला.

या साऱ्या चर्चेत एक तांत्रिक तपशील सहसा निसटतो. नियमातील डेसिबल हे साधे डेसिबल नाहीत. ते ‘ए’ या मापनपद्धतीचे आहेत. माणसाचा कान हळू आवाजात खर्ज कमी ऐकतो, असे १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवले. त्या हळू आवाजाच्या आलेखावरून ही पद्धत घडली. तिच्यात पन्नास हर्ट्झच्या स्वरातून सुमारे तीस डेसिबल वजा होतात. म्हणजे शंभर डेसिबलचा निव्वळ खर्ज हद्दीवरच्या मीटरवर साधारण सत्तर दिसेल आणि व्यावसायिक भागात दिवसा तो नियमातही बसेल. मिरवणुकीत खर्जाबरोबर बाकीचा आवाज असतोच, म्हणून प्रत्यक्ष आकडे मर्यादा ओलांडतात, हे खरे. पण घरातल्या आजारी माणसाच्या पलंगाला जाणवणारी धडधड मीटरला पुरती ऐकू येत नाही. उलट जुना भोंगा, ज्याचा सगळा आवाज वरच्या पट्टीत असतो, तो मीटरला पुरेपूर ऐकू येतो. आपल्या कायद्याचा कान शब्द ऐकण्यासाठी बनलेला आहे. खर्जाला तो थोडा बहिरा आहे.

६.

एवढे सारे गोळा करून आम्ही वर्गात या विषयावर एक व्याख्यान दिले. त्याचा सूर, आता मान्य करायला हवे, थोडा तक्रारीचा होता : शब्दाची संस्कृती गेली आणि धडधडीची आली. व्याख्यान संपल्यावर एक विद्यार्थी उठला. त्याचे आजोबा हलगी वाजवत. तो म्हणाला, “सर, आजोबा वाजवायचे तेव्हा मिरवणूक दुसऱ्यांची असायची. चौदा एप्रिलला क्रांती चौकात ती आमची असते. त्या दिवशी आवाज सगळ्या शहराला ऐकू गेला पाहिजे. शब्द आम्हांला पाठ आहेत.”

याला आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. ज्या विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचे नाव यावे म्हणून सोळा वर्षे संघर्ष करावा लागला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी ते आले, त्या शहरात रस्त्यावर मोठ्याने ऐकू जाणे याला एक अर्थ आहे. तो अर्थ डेसिबलमध्ये मोजता येत नाही. राजाबाजारच्या संस्थान गणपतीपासून निघणाऱ्या विसर्जन मिरवणुकीतल्या मुलांनाही खर्जाच्या थापेत काहीतरी सामूहिक सापडते, हे नाकारण्यात हशील नाही. खर्ज कानाआधी अंगाला कळतो. हजार माणसे एकाच ठोक्यावर हलतात तेव्हा त्यांना आपण हजार आहोत हे कळते. ढोलानेही हेच केले होते.

तरीही ‘शब्द आम्हांला पाठ आहेत’ या वाक्याशी आम्ही अडलो. पाठ आहेत ते त्याच्या पिढीला, कारण तिने ते भोंग्यातून आणि कॅसेटमधून ऐकले. आजी-आजोबांच्या तोंडून ऐकले. जी लहान मुले आज वडिलांच्या खांद्यावर बसून त्या भिंतीपुढून जातात, त्यांना ते कुठून पाठ होणार? वामनदादांचे गाणे त्यांना ठोक्यासकट ओळखू येईल. दुसऱ्या कडव्यातला युक्तिवाद येईल का? ज्या समूहाने थापेकडून शब्दाकडे येण्यासाठी एवढी किंमत मोजली, त्याच्या गाण्यातला शब्द थापेखाली जावा, यात काहीतरी गमावले जाते. हे आम्ही त्याला सांगितले. तो हसला, पण नाही म्हणाला नाही. शेजाऱ्यांच्या झोपेचे काय, हा प्रश्न मात्र त्याने आपणहून काढला. त्याच्याच गल्लीत त्याची आई रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन खिडक्या लावून बसते.

पुढच्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आम्ही पुन्हा त्याच तरुण साउंडवाल्याला बोलावले आणि या वेळी जोडणी होत असताना शेजारी उभे राहिलो. आठाऐवजी चारच सबवूफर आले. चारही रंगमंचासमोर मधोमध, एकमेकींना चिकटून बसले. मग त्याने मिक्सरवर एक गोष्ट केली, जी आम्हांला या सगळ्या शोधाचे सार वाटली. माइकच्या रांगेतले एक बटण दाबून त्याने गायकाच्या आवाजातला शंभर हर्ट्झखालचा भाग कापून टाकला. तिथे श्वासाची फुंकर आणि रंगमंचावरच्या पावलांचा धपधपाट याशिवाय काही नसते. सबवूफरकडे जाणारी वाट त्याने वेगळी काढली आणि त्या वाटेवर फक्त ढोलकी आणि हलगी सोडली. “शब्द सबला द्यायचाच नाही,” तो म्हणाला. “सबला फक्त थाप. आणि शाहीर बोलायला लागले की मी सबवरचा हात खाली घेतो.”

त्या संध्याकाळी शेवटच्या रांगेतून चिठ्ठी आली नाही. हलगी छातीत वाजत होती. शाहीर गद्य बोलू लागले की मिक्सरवरचा तो हात खाली येत होता, पखवाज्याची बोटे कीर्तनकारासाठी थांबतात तसाच. तो विद्यार्थी मागच्या बाजूला उभा होता आणि एका कडव्यानंतर त्याने शेजारच्याला ते कडवे समजावून सांगितले, असे आम्ही पाहिले.

कार्यक्रम संपला, मैदान रिकामे झाले. आम्ही खुर्च्या मोजत होतो. तो तरुण गुडघ्यांवर बसून एका पेटीच्या पाठीवरची जाळी ब्रशने साफ करीत होता. दिवसभरात तिच्यात मैदानाची बरीच धूळ गेली होती. ती आजच काढायला हवी, उद्यापर्यंत ती बसते, असे त्याने सांगितले.